मन्मथप्पांचा मध

दारू करणारा माणूस म्हटल्यावर जे डोळ्यांपुढे येतं, त्यातलं मन्मथप्पांत काही म्हणजे काहीच नव्हतं. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग, अंगात जाडाभरडा सदरा आणि डोक्याला हळदी रंगाचा रुमाल. पिंगळीच्या स्टेशनासमोर त्यांचं दुकान होतं. गूळ, मीठ, गोडं तेल, तंबाखू, सुंभाच्या दोऱ्या असा माल. सकाळची पूजा झाल्याशिवाय ते पाण्याला शिवत नसत, मग गिऱ्हाईक दारात ताटकळलं तरी चालेल.

आणि या माणसाच्या दुकानामागच्या खोलीत, मातीच्या रांजणात, मधाची दारू होत असे. ते तिला दारू म्हणत नसत, मध म्हणत. "यंदाचा मध लय गुणी निघायलाय," असं ते चारचौघांत सांगत आणि ऐकणाऱ्यालाही त्यात काही वावगं वाटत नसे. कारण सगळ्या पिंगळीला ठाऊक होतं, की अप्पांनी तिचा थेंबसुद्धा कधी जिभेवर ठेवलेला नाही.

त्यांच्यावर लिहायचं मी फार वर्षं टाळलं. गंमत म्हणून सांगायला त्यांच्या पुष्कळ गोष्टी आहेत आणि त्या मी सांगतही आलो. पण दर वेळी शेवट गाळला. आता मीही म्हातारा झालो. त्या शेवटात माझाही हात आहे, तेव्हा सांगून टाकलेलं बरं.

निजामाच्या राज्यातली शेवटची सहा-सात वर्षं मी पिंगळीला तारबाबू होतो. माझं गाव गंगाखेड. आई तिकडे, मी इकडे. स्टेशन म्हणजे दोन खोल्या, एक तारेचं यंत्र, एक पॉइंट्समन आणि स्टेशनमास्तर पिंटोसाहेब. पिंटोसाहेब गोव्याकडचे ख्रिस्ती. बायको केव्हाच वारलेली, मूलबाळ नाही. उंच, वाकलेले, पांढऱ्या मिशांचे. मराठी समजायचं सगळं, बोलायचे मात्र रेल्वेतलं हिंदुस्थानी. अप्पांना या नादाला लावलं ते त्यांनीच.

साहेबांना मधाची दारू करायला त्यांच्या आईनं शिकवलं होतं. मध, कोमट पाणी, थोड्या मनुका, लिंबू, आणि पुढे नुसती वाट पाहायची. पिंगळीला आल्यावर त्यांनी क्वार्टरमध्ये एक रांजण भरला, पण पत्र्याखालच्या उकाड्यात तो आठ दिवसांत आंबून सिरका झाला. अप्पांच्या दुकानामागे गुळाच्या ढेपा ठेवायची खोली होती. जाड मातीच्या भिंती, वर मातीचंच सपाट धाबं. ऐन वैशाखात तिथे बसलं तरी घाम सुकायचा. साहेबांनी विचारलं, रांजण तिथे ठेवू का? अप्पा म्हणाले, "ठिवा की. मध-पानीच हाय न्हवं?"

तिसऱ्या दिवशी त्या खोलीतून खुडबुड ऐकू आली. उंदीर शिरला म्हणून अप्पा काठी घेऊन आत गेले. उंदीर नव्हताच, आवाज रांजणातून येत होता. त्यांनी काठी बाजूला ठेवली आणि रांजणाला कान लावला. त्यांच्या बायकोनं, गिरिजाबाईंनी, ही हकीकत मला पुढे सांगितली. "सकाळी आत गेले त्ये दिवेलागनीला भाईर आले. मी म्हनलं, कुनाशी बोलायलाव एवढं? तर म्हनले, मी न्हाई, तीच बोलायलीय."

तेव्हापासून अप्पा त्या रांजणाचे झाले ते झालेच. पुढच्या वर्षी मध त्यांनी स्वतः आणवला. गोदावरीच्या दरडींतली आग्या मोहोळं काढणाऱ्यांना ते सांगून ठेवत, की मला निंबाच्या फुलोऱ्याचा मध पाहिजे, करडईचा नको. जांभळाची करून पाहिली, ती जमली. सीताफळाची करून पाहिली, ती इतकी बिघडली, की उकिरड्यावर ओतली तर ती पिऊन गावातली डुकरं दोन दिवस हलली नाहीत.

मी नोकरीवर रुजू झाल्याच्या चौथ्या दिवशी साहेबांनी मला चिठ्ठी देऊन दुकानात पाठवलं. फळीवर कुणी नव्हतं. चार गिऱ्हाइकं पायरीवर मुकाट बसली होती. मी हाक मारणार, तेवढ्यात एका म्हाताऱ्यानं ओठावर बोट ठेवलं आणि आतल्या दाराकडे मान केली. आत अप्पा जमिनीवर मांडी घालून, रांजणाला दोन्ही हातांनी कवेत घेऊन, डोळे मिटून बसलेले. पोटुशी लेक माहेरी यावी आणि बापानं तिच्यापाशी बसावं तसं काहीतरी त्या बसण्यात होतं. बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "कालपस्तोर बडबडायली हुती. आज कुजबुजायलीय. या, बसा."

बडबडते, कुजबुजते आणि गप्प बसते, अशा तिच्या तीन अवस्था त्यांनी ठरवल्या होत्या. गप्प बसल्याशिवाय बाटलीत भरायची नाही. साहेबांना घाई झाली तरी नाही. बाटल्या म्हणजे औषधाच्या, गुलाबपाण्याच्या, साहेबांच्या विलायती दारूच्या, मिळतील त्या. त्या राखेनं घासून, उन्हात पालथ्या घालून, नाकाशी धरून हुंगून मगच ते भरत. वर बूच आणि बुचावर मेण.

पण खरा सोहळा चव घेण्याचा. रविवारी दुपारची मालगाडी गेली, की साहेब दुकानामागच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसत. अप्पा बाटली उघडत, काचेच्या पेल्यात दोन बोटं ओतत आणि समोर उभे राहत. बसत नसत. साहेब घोट घेत आणि अप्पा त्यांच्या गळ्याकडे बघत राहत, जणू तो घोट कुठपर्यंत गेला ते त्यांना बाहेरून दिसत होतं.

"बोला."

"अच्छा है, अप्पा."

"अच्छा मंजी काय? कशावानी?"

"थोडा खट्टा, थोडा..."

"खट्टा कसला? चिंचावानी का बोरावानी? बोर असंल तर हिरवं का पिकलेलं?"

साहेब पुन्हा घोट घेत, विचार करत. "बोर. आधा पिका हुआ. पीछे से आम की गुठली."

"कोय! व्हय, कोय यायलाच पायजे. निंबाच्या मधाला मागून कोयीचा वास असतोच." आणि अप्पांचा चेहरा उजळून जायचा. बोर, कोय, उसाचं कांडं, भिजवलेली डाळ, पहिल्या सरीनंतर भिजलेली कडब्याची गंजी, अशा स्वतः खाल्लेल्या-हुंगलेल्या वस्तूंमधून त्यांनी त्या कधीही न चाखलेल्या दारूची सगळी चव डोक्यात मांडून ठेवली होती. वर्षापूर्वीचा मध कसा होता ते साहेब विसरत, अप्पा नाही. "गेल्या साली तुमी हिरवी चिंच म्हनला हुता," असं ते साहेबांनाच सुनवायचे.

साहेब कधीमधी मलाही घोटभर द्यायचे. मी ब्राह्मणाचा पोरगा, पण रेल्वेत राहून थोडा बाटलो होतो. चार घोटांत मला चांगलं-वाईट कळायला लागलं होतं. एकदा मी अप्पांना विचारलंच, "अप्पा, एवढा जीव टाकता, मग एकदा जिभेला लावून बघायला काय हरकत आहे?"

ते हसले नाहीत. सदऱ्याच्या आत हात घालून लिंगाची डबी मुठीत धरली. "सोनार डागिना घडवतो, त्यो घालून हिंडतो का बाबू? मला कान हाय, नाक हाय, डोळं हाय. करायला तोंड कशाला लागतंय?"

हा त्यांचा अभिमान होता आणि त्याला तसंच कारणही होतं. समाजातल्या लोकांना हा उद्योग सुरुवातीला मुळीच रुचला नव्हता. लिंग बांधलेल्या माणसाच्या घरात दारू! एकदा गुरू म्हणून मान असलेले एक वृद्ध अय्या मुद्दाम पिंगळीला आले आणि भरल्या दुकानात त्यांनी अप्पांना जाब विचारला. अप्पांनी त्यांच्या पायावर हात ठेवून सांगितलं, की मी चाखली असेल किंवा विकली असेल तर आजपासून माझ्या घरचं पाणी पिऊ नका. अय्यांनी बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं आणि पाणी मागितलं. तेवढ्या एका शब्दावर अप्पांची गावातली पत, बायकोची मान आणि तो रांजण, तिन्ही टिकून होती.

विकत मात्र ते खरंच नसत. दिवाळीला दोन बाटल्या साहेबांना, एक परभणीच्या डॉक्टरला, एक मला, बाकीच्या कुणाकुणाला. "इकली की दारू झाली," म्हणत. आबकारीच्या जमादारालाही याच गोष्टीनं कोड्यात टाकलं होतं. तो महिन्या-दोन महिन्यांनी यायचा, रांजण पाहायचा, आणि अप्पांना म्हणायचा, "मुँह खोलो." अप्पा लहान मुलासारखा आ करत. जमादार नाक जवळ नेऊन हुंगायचा. बडीशेप आणि विभूती, दुसरा वास नाही. पिणारा नाही, विकणारा नाही, मग कागदावर लिहायचं काय? तो डोकं खाजवत निघून जायचा, आणि तो वळला की साहेब ओट्यावर पोट धरून हसायचे.

त्या दोघांत दोस्ती होती असं मी म्हणतो, पण हा शब्द त्यांनी कधी वापरला नसता. साहेब खुर्चीवर, अप्पा उभे, हे शेवटपर्यंत बदललं नाही. अप्पा त्यांच्या हातचं पाणी पीत नसत. पण साहेबांची बदली पूर्णेला झाली, जंक्शनला, बढतीवर, तेव्हा साहेबांनी ती नाकारली. मी विचारलं तर मिशी ओढत म्हणाले, "पूर्णा में रांजण कौन सुनेगा?" मी ते अप्पांना जाऊन सांगितलं. संध्याकाळी त्यांनी एका हमालाच्या डोक्यावर गुळाची अख्खी ढेप देऊन ती साहेबांच्या क्वार्टरवर पाठवली. एकटा माणूस, ढेप खाणार किती! सहा महिने स्टेशनातला प्रत्येक जण गुळाचा चहा पीत होता.

मग निजामाच्या राज्याचं ते शेवटचं वर्ष आलं. त्या वर्षाबद्दल लोकांनी पुष्कळ लिहिलंय, मी माझ्यापुरतं सांगतो. गाड्या यायच्या त्या खिडक्या लावून. बैलगाड्यांत भांडीकुंडी घालून माणसं हद्दीपलीकडे जायला लागली. कोण कुणाकडचा याची बाजारात दबक्या आवाजात चौकशी व्हायची. अप्पांनी गिरिजाबाईंना बार्शीकडे पाहुण्यांत पोचवलं आणि स्वतः परत आले. मी म्हटलं, "तुम्ही कशाला आलात?" तर म्हणाले, "रांजण भरलाय. आन् सायेब एकटे हायत."

जेठाच्या उन्हात त्या रांजणाला चीर गेली. सकाळी अप्पा आत गेले तेव्हा जमीन ओली होती आणि मुंग्यांची रांग लागलेली. नवा रांजण कुठला? कुंभाराचं घर बंद होतं. घरात एकच एवढं मोठं भांडं होतं, गिरिजाबाईंच्या माहेरचा तांब्याचा हंडा. अप्पांनी त्यात मध ओतला.

आता हे सांगायला हवं, की तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ कळकतो, विषारी होतो, हे आपल्याकडे सहा वर्षांच्या पोरीलाही कळतं. बिनकल्हईच्या भांड्यात कुणी ताक ठेवत नाही. अप्पांना हे ठाऊक नव्हतं असं मुळीच नाही. त्यांनी कंदील धरून हंडा आतून पाहिला होता. वर वर पांढरा दिसत होता. चांदभाई कल्हईवाला वर्षातून दोनदा यायचा, दुकानासमोरच्या निंबाखाली भाता मांडायचा आणि अख्ख्या गावाची भांडी उजळून द्यायचा. त्या हिवाळ्यात तो आला नव्हता, उन्हाळ्यातही आला नाही. "कल्हई जुनी हाय, पर हाय," अप्पा मला म्हणाले. "आठ-पंदरा दिसांत चांदभाई यील. त्यो आला की बगू." त्या वर्षी आम्ही सगळेच असं बोलत होतो. आठ-पंधरा दिवसांत हे होईल, ते होईल.

चांदभाई त्या पावसाळ्यानंतरही कधी आला नाही. त्याचं काय झालं ते गावात कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

आषाढाच्या शेवटी मध गप्प बसला. अप्पांनी तो बाटल्यांत भरला आणि रविवारी ओट्यावर खुर्ची टाकली. साहेबांना तेव्हा हिवताप सुरू झाला होता. त्या वर्षी स्टेशनच्या खड्ड्यांत पाणी साचून डास माजले होते आणि घरटी एकजण तरी थरथरत पडलेला असे. साहेब कांबळं पांघरून आले, हिवतापावरच्या कोयनेलच्या गोळ्या खिशात घालून. घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"बोला," अप्पा म्हणाले.

"कडवा है."

"कडू? कडू कसा यील?" अप्पा एक पाऊल पुढे आले. "कशावानी कडू? कारल्यावानी का मेथीवानी?"

साहेबांनी हात हलवला. "अप्पा, मेरा मुँहच कडवा है. कोयनेल. चाय कडवी, पानी कडवा, सब कडवा."

अप्पांनी सुस्कारा सोडला. मग माझ्याकडे वळले आणि पेला पुढे केला. "बाबू, तुमी बगा बरं."

श्रावण लागून दोन दिवस झाले होते. वर्षभर मी काय वाटेल ते करायचो, पण श्रावण पाळीन असा शब्द आईला दिला होता. "श्रावण आहे, अप्पा," मी म्हणालो.

"व्हय व्हय, मग न्हाई!" त्यांनी पेला असा चटकन मागे घेतला, की त्यांनाच अपराधी वाटलं असावं. नेम म्हणजे काय ते त्यांच्याइतकं कोण जाणणार! पुन्हा त्यांनी विचारलं नाही आणि मीही मनावर घेतलं नाही. एक घोट. माझ्या आईला गंगाखेडला बसून तो कळणारही नव्हता.

साहेब अंथरुणाला खिळले. स्टेशन मीच पाहत होतो. अप्पा दुकान बंद करून क्वार्टरवर येत, सकाळ-संध्याकाळ, वाटीत तोच नवा मध घेऊन. ताकद यायला मधासारखं दुसरं काही नाही, हे त्यांनी मनाशी धरलं होतं. साहेब मान फिरवत. अप्पा त्यांच्या उशाशी उभे राहून समजूत घालत, "कोयनेलचं कडू हाय त्ये, सायेब. डोळं मिटून घ्या. एवढी वाटी घ्या, उद्या उठून बसताव का न्हाई बगा." आणि साहेब घेत. दुसरं कुणाचं त्यांनी ऐकलं नसतं. घेऊन झाल्यावर ओकत. पोटात कळ यायची, तोंडातून हिरवट पाणी पडायचं. अप्पा ते स्वतः पुसत. ज्या माणसाच्या हातचं पाणी ते पीत नव्हते, त्याची ओकारी त्यांनी आपल्या रुमालानं पुसलेली मी पाहिली आहे.

मी परभणीच्या डॉक्टरला तीन तारा केल्या. पहिल्या दोन वेळी तो आला नाही. तिसऱ्या वेळी हिंदुस्थानची फौज आत शिरली आणि गाड्याच बंद झाल्या. तार मेली. रुळांवर शेळ्या चरायला लागल्या. त्याच दिवसांत साहेबांचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले, आणि एका सकाळी पॉइंट्समन मला बोलवायला आला तोवर ते गेलेले होते. अप्पा उशाशी तसेच उभे होते, हातात वाटी.

पाद्री नाही, गाडी नाही, पेटी नाही. परभणीला न्यावं तर रस्त्यावर कोण भेटेल याचा भरवसा नाही. मी भांबावलो. आमच्यात जाळतात. पुरायचं कसं हे मला माहीत नव्हतं. "आमच्यात बी पुरत्यात," अप्पा म्हणाले. "मला म्हाईत हाय." मालधक्क्याच्या मागे त्यांनी स्वतः कुदळ मारली. पॉइंट्समन आणि मी माती ओढली. साहेबांना आडवं ठेवल्यावर अप्पांनी विचारलं, "त्येंच्यात काय म्हनत्यात, बाबू?" मला येत नव्हतं. अप्पा हात जोडून उभे राहिले, लिंगाची डबी मुठीत धरली, पण तोंडानं काही म्हणाले नाहीत. दुसऱ्याच्या देवाच्या कामात ढवळाढवळ नको, असं त्यांना वाटलं असेल. मग ते खड्ड्याच्या कडेला बसले आणि मोठ्यानं रडले. एवढ्या मोठ्या माणसाचं रडणं मी पहिल्यांदाच ऐकलं आणि माझ्याच्यानं तिथे थांबवेना.

साहेब हिवतापानं गेले, असं मी रजिस्टरात लिहिलं. ते खोटंही नसेल. त्या साली हिवतापानं धडधाकट माणसं गेली आणि साहेब साठीला टेकले होते. आजही मला खात्रीनं सांगता येणार नाही.

राज्य बदललं. दसऱ्याच्या सुमाराला गिरिजाबाई बार्शीहून परत आल्या. आल्या आल्या त्यांनी घर झाडायला काढलं आणि माहेरचा हंडा चिंच लावून घासायला घेतला. दुसऱ्या दिवशी दुपारी अप्पा स्टेशनात आले. माझ्या टेबलावर त्यांनी एक बाटली आणि एक वाटी ठेवली. कपाळावर विभूती नव्हती. पूजा न करता हा माणूस घराबाहेर पडला होता.

"काल हिनं हंडा घासला," ते म्हणाले. "आत हात घातला आन् मला हाक मारली. म्हनली, अवं, ह्यात काय ठिवलं हुतं? तळाला कल्हईचा कण बी न्हाई. सगळं लाल हाय. आन् हिरवा गंज हाय कडंनी." ते थांबले. "मी तिला पानी हुतं म्हनून सांगितलं."

त्यांनी वाटी माझ्याकडे सरकवली.

"बाबू, आता श्रावण न्हाई. बगा."

त्यांनी बूच काढलं, वाटीत ओतलं आणि नेहमीसारखे समोर उभे राहिले. माझ्या गळ्याकडे बघत.

मी घोट घेतला. घोट कसला, जिभेला लागलं तेवढंच पुरे होतं. तोंडात तांब्याचा पैसा धरावा तशी चव पसरली, जीभ आकसली. कोयनेलचा कडूपणा वेगळा असतो. मी त्याच महिन्यात ते खाल्लं होतं. ही चव कळकलेल्या ताकाची होती, ती ओळखायला दुसरा घोट लागत नाही. मी चेहरा हलू दिला नाही. एवढं एक मला जमलं.

"बोला," अप्पा म्हणाले.

"चांगली आहे," मी म्हणालो. "जरा उतरलीय, पण चांगली आहे. साहेबांच्या तोंडाला कोयनेलची चव होती."

अप्पांचे खांदे खाली आले. त्यांनी भिंतीला हात टेकला आणि डोळे मिटले. तो सुटल्याचा निःश्वास मी ऐकला. तेवढ्यावर थांबलो असतो तर! पण मला एकदम आठवलं, की दिवाळी तोंडावर आली आहे आणि अप्पांच्या घरी वाटायच्या बाटल्या आहेत.

"अजून किती असतील?" मी विचारलं.

"हायत. धा-बारा."

"सगळ्या मला द्या, अप्पा."

"सगळ्या? कामून?"

"लागतील. गंगाखेडला पाहुणे आहेत, त्यांना..."

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहत राहिले. रांजणाला कान लावून बसायचे तेव्हा जसा चेहरा असायचा तसा तो झाला होता.

"बाबू," ते हळू म्हणाले, "चांगली असती तर तुमी एक मागितली असती."

खोटं बोलायला दुसरं खोटं लागतं आणि माझ्याकडचं संपलं होतं.

"पयल्याच घोटाला कळलं तुमाला?"

"हो."

"सायबाला कोयनेलमुळं न्हाई कळलं."

"हो, अप्पा."

बाहेर पॉइंट्समन कुणाशी तरी तंबाखूवरून भांडत होता.

"मंजी मी चाखली असती," अप्पा म्हणाले, "तर मला कळलं असतं."

नाही म्हणावं तर ते खोटं, हो म्हणावं तर ते कुणाच्यानं म्हणवेल! श्रावणाचं कारण सांगून तो एक घोट मीही टाळला होता, हे त्यांच्यापुढे काढलं असतं तर त्यांचं ओझं थोडं हलकं झालं असतं, आणि तेवढंसुद्धा मी केलं नाही. गाडीची वेळ झाली असं काहीतरी पुटपुटलो आणि उठलो. गाडीची वेळ झाली नव्हती, हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं.

फलाटावर चार पावलं गेलो आणि राहवलं नाही म्हणून खिडकीतून मागे पाहिलं. अप्पा माझ्या टेबलापाशी उभे होते. त्यांनी गळ्यातली डबी काढून, डोक्याच्या रुमालात गुंडाळून, फळीवर उंच ठेवली. मग वाटी दोन्ही हातांनी उचलली आणि तोंडाला लावली. कळकलेलं तोंडात गेलं की माणूस थुंकतो, न कळणारं पोरही थुंकतं. अप्पा थुंकले नाहीत. त्यांनी तो घोट तोंडात धरला, खूप वेळ धरला, आणि गिळला.